रुपयातला एक आणा : पगार, कर्ज आणि कर यांच्या हिशेबाची गोष्ट



मी तत्त्वज्ञानाचा माणूस. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे पैशाच्या हिशेबावर बोलायला मला बोलावलंत तेव्हा घरी सगळे हसले. आमच्या विषयात या बाबतीत एकच सल्ला प्रसिद्ध आहे, चार्वाकांच्या नावावर खपणारा : कर्ज काढा, पण तूप प्या. तो त्यांच्या विरोधकांनी नोंदवून ठेवलेला आहे हे एक, आणि त्यात व्याजाचा दर दिलेला नाही हे दुसरं. आज मी त्या व्याजदराविषयीच बोलणार आहे.

सुरुवात अलीकडच्या एका प्रसंगाने करतो. आमच्या इमारतीतला एक मुलगा, बारावीनंतर नुकताच नोकरीला लागलेला, माझ्याकडे आला. त्याने १२,००० रुपयांचा फोन हप्त्यावर घेतला होता. १२ हप्ते, प्रत्येकी १,१२० रुपये. दुकानातल्या माणसाने सांगितलं होतं, "महिना फक्त एक टक्का." मुलाने हिशेब केला : वर्षाचे १२ टक्के, १,४४० रुपये व्याज. बरोबर जुळलं. मग तो मला म्हणाला, "सर, जुळतंय, पण काहीतरी खटकतंय."

त्याला खटकलं ते योग्यच होतं. १२,००० रुपये त्याच्याकडे वर्षभर होते का? नाही. दर महिन्याला हजार रुपये मुद्दल तो परत करत होता. पहिल्या महिन्यात १२ हजार बाकी, दुसऱ्यात ११, असं करत शेवटच्या महिन्यात फक्त एक हजार. बारा महिन्यांची सरासरी काढा : साडेसहा हजार. म्हणजे त्याने साडेसहा हजारांवर १,४४० रुपये व्याज दिलं. हा दर १२ टक्के नव्हे, जवळजवळ २२ टक्के झाला. दुकानदार आकडा खोटा बोलला नव्हता. कुठला आकडा सांगायचा, एवढंच त्याने निवडलं होतं.

हे ऐकून मला माझे वडील आठवले. ते गिरणीत साच्यावर होते. आम्ही परळच्या चाळीत एका खोलीत राहायचो. मी शाळेत जायला लागलो तेव्हा देशात आणे-पै जाऊन नवे पैसे आले. तारीख १ एप्रिल १९५७. रुपयाचे १६ आणे होते, त्याचे १०० नवे पैसे झाले. आता १०० ला १६ ने भागा : सव्वासहा. सव्वा पैशाचं नाणं तर नाही! म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६ पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ असं ठरलं. तीन आण्यांची वस्तू घेणाऱ्याचा पाव पैसा जायचा, एक आण्याची घेणाऱ्याचा पाव पैसा वाचायचा. आई वाण्याकडे जाताना हे कोष्टक तोंडपाठ करून जायची. शाळेत न गेलेली बाई, पण पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, औटकी सगळी पाठ. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. तुमच्यापैकी कुणाला येते? नाही ना? असू द्या, मलाही आता अडखळतच येते.

या आण्याचा हात धरून आपण शंभर वर्षं मागे जाऊ.

मुंबई सरकारने १९२१ मध्ये एक कामगार कार्यालय सुरू केलं. त्या कार्यालयाने मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली आणि १९२३ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कर्ता फिंडले शिरास. २,४७३ कुटुंबांचे आणि ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च त्यात आहेत. तो अहवाल मी निवृत्तीनंतर वाचला, आणि आमच्याच चाळीत बसून वाचतोय असं वाटलं. कुटुंबाची सरासरी मिळकत महिना ५२ रुपये ४ आणे ६ पै. त्यातला ५६.८ टक्के खर्च अन्नावर, ७.४ टक्के जळण आणि दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के भाड्यावर आणि उरलेला १८.५ टक्के किरकोळ.

टक्के सोडा, रुपये करू. अन्न साधारण २९ रुपये ११ आणे. जळण ३ रुपये १४ आणे. कपडे ५ रुपये. भाडं ४ रुपये. आणि किरकोळ साडेनऊ रुपयांच्या थोडं वर. औषध, गावाला पाठवायचे पैसे, लग्नकार्य, पान-तंबाखू आणि कर्जाचं व्याज, सगळं या किरकोळात.

भाडं इतकं कमी कसं, असं तुम्ही विचाराल. उत्तर सोपं आहे : बहुतेक सगळी कुटुंबं एका खोलीत राहत होती. आणि अन्नावर अर्ध्याहून जास्त खर्च होऊनही पोट भरत होतं का? अहवालाने कामगाराच्या धान्याची तुलना दोन सरकारी मापांशी केली. दुष्काळी कामावरच्या मजुराला जे जास्तीत जास्त धान्य देण्याचा नियम होता, तितकं कामगाराला मिळत होतं. पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जे ठरवून दिलं होतं, त्यापेक्षा कमी.

तुरुंगाशी तुलना करण्याची कल्पना मुंबईचीच. दादाभाई नौरोजी एल्फिन्स्टन कॉलेजात गणित आणि निसर्गतत्त्वज्ञान शिकवत. त्या मानाच्या जागेवर बसलेले पहिले हिंदी गृहस्थ. १८७० च्या दशकात त्यांनी एक साधा भागाकार केला. देशात एका वर्षात पिकतं-बनतं त्याची किंमत प्रांतवार काढली, बेरीज केली आणि लोकसंख्येने भागली. उत्तर आलं माणशी वर्षाला २० रुपये. मग त्यांनी विचारलं, तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार किती खर्च करतं? तो आकडा या २० रुपयांहून जास्त निघाला. त्यात चौथीच्या पलीकडचं गणित काही नाही. कुठला आकडा कुठल्या आकड्याशेजारी ठेवायचा, यातच सगळा प्रश्न होता.

आता कर्जाकडे येऊ. त्याच पाहणीत ४७ टक्के कुटुंबं कर्जात होती, आणि कर्ज साधारण अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढं. व्याजाचा नेहमीचा दर महिन्याला रुपयामागे एक आणा. ऐकायला किती छोटं! आणा म्हणजे काय, चहाची किंमत. पण करा हिशेब. महिन्याला रुपयाचा सोळावा हिस्सा, बारा महिन्यांचे १२ आणे. वर्षाला ७५ टक्के.

५२ रुपयांची अडीचपट म्हणजे सुमारे १३० रुपये कर्ज. त्यावर महिन्याचं व्याज १३० आणे, म्हणजे ८ रुपये २ आणे. भाडं किती होतं? चार रुपये. म्हणजे डोक्यावरच्या छपराच्या दुप्पट पैसा सावकाराला जात होता, आणि 'किरकोळ' या रकान्यात औषधाला उरत होता जेमतेम दीड रुपया. १६ महिने असं व्याज भरलं की मुद्दलाएवढी रक्कम देऊन झाली, आणि मुद्दल जागच्या जागी उभं. पगाराच्या दिवशी पठाण गिरणीच्या दाराशी का उभा असायचा, ते आता कळलं असेल.

मग लोक कर्ज काढायचेच का? उधळे होते म्हणून? तसं म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. एक मोठं कारण पगाराच्या तारखेत होतं. केलेल्या महिन्याचा पगार पुढचा महिना अर्धा उलटल्यावर हातात यायचा. नव्या माणसाला पहिला पगार दिसायला दीड महिना जाई. तोवर वाणी, खानावळ, सावकार. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या मागण्या मांडल्या. त्यात रविवारची सुट्टी होती, ती १८९० मध्ये मिळाली. ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. पण त्याच यादीत दुसरी एक मागणी होती : मागच्या महिन्याचा पगार निदान पुढच्या १५ तारखेपर्यंत द्या. रक्कम वाढवून मागितली नव्हती. तारीख मागितली होती. लोखंड्यांना कर्जाचं गणित नीट कळलेलं होतं.

तारखेचा कायदा व्हायला ५२ वर्षं लागली. १९३६ चा वेतन प्रदान कायदा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सातव्या दिवसाच्या आत, जास्त असतील तर दहाव्या दिवसाच्या आत पगार. याच कायद्याने दंडावर मर्यादा घातली : रुपयाला अर्धा आणा, त्याहून जास्त नाही. त्याआधी मुंबईच्या काही गिरण्यांत दुहेरी खाडा होता. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार कापायचा. म्हणून सांगतो, पगाराच्या चिठ्ठीत 'कपात' हा रकाना असतो ना, तो आधी वाचा. लोकांनी त्यासाठी भांडून कायदा करून घेतला आहे.

आता करांकडे. आयकर या देशात १८६० मध्ये आला. ५७ च्या उठावाने सरकारची तिजोरी रिकामी झाली होती, ती भरायला जेम्स विल्सन यांनी तो आणला. आपला १९२१ चा गिरणी कामगार मात्र आयकर भरत नव्हता. त्याच्या घराची मिळकत वर्षाला सव्वासहाशे रुपये, आणि आयकर सुरू होत होता २,००० पासून. मग तो करमुक्त होता का? मुळीच नाही. तो मीठ खात होता.

१९२३ मध्ये मिठावरचा कर मणाला सव्वा रुपयावरून अडीच रुपये केला गेला. विधिमंडळाने नको म्हटलं तरी व्हाइसरॉयनी आपल्या अधिकारात लावला. सरकारी मण ४० शेरांचा, आणि अडीच रुपयांचे आणे ४०. म्हणजे शेराला एक आणा. पुन्हा तोच आणा! पुढच्या वर्षी तो कमी झाला खरा. पण यातली मेख पाहा. पन्नास रुपये कमावणारा आणि पाच हजार कमावणारा, दोघंही मीठ तेवढंच खातात. दोघांनाही एक आणाच. दिसायला समान, पण पन्नासात एक आणा किती आणि पाच हजारांत किती, हा भागाकार घरी करून पाहा. १९३० साली गांधीजींनी दांडीला जाण्यासाठी मीठच का निवडलं, त्याचं उत्तर त्यात आहे.

मुलं मला सांगतात, "सर, आम्ही कुठे कर भरतो, आम्ही तर विद्यार्थी." फोनला २३६ रुपयांचा रिचार्ज मारलात तर त्यात १८ टक्के जीएसटी धरून कंपनीचे २०० आणि सरकारचे ३६ असतात. तेव्हा तुम्ही करदाते आहात, आणि त्या पैशाचा हिशेब विचारण्याचा हक्कही तुम्हाला आहे.

एका कराची गोष्ट मात्र मी अभिमानाने सांगतो. महाराष्ट्रात नोकरीला लागलात की बहुतेकांच्या चिठ्ठीत व्यवसाय कर दिसतो : महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. मुलींना सध्या २५,००० रुपये पगारापर्यंत तो माफ आहे. हा कर १९७५ चा. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला रस्त्यावर उतरली. 'मागेल त्याला काम' ही वि. स. पागे यांची कल्पना, रोजगार हमी योजना. तिला कायमचा पैसा हवा होता, म्हणून शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून हा कर सुरू झाला. मी भरायला लागलो तेव्हा कुरकुर केली होती. पुढे त्याचं मूळ कळलं आणि कुरकुर थांबली. योजनेत पुढे काय चुकलं, यावर वाद जरूर करा, पण रकाना माहीत असू द्या.

आणि शेवटचा आणा. १९५२ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. ज्या सहा उद्योगांना तो आधी लागू झाला, त्यांत कापड उद्योग होता. कामगाराची वर्गणी ठरली सव्वासहा टक्के, आणि मालकानेही तेवढीच घालायची. सव्वासहा टक्के म्हणजे काय? रुपयाला एक आणा! ज्या आण्याच्या दराने सावकार कामगाराला दरमहा पोखरत होता, तोच आणा आता त्याच्या नावावर साठू लागला, आणि मालकाचा एक आणा त्याच्या जोडीला. आज बहुतेक ठिकाणी हा दर १२ टक्के आहे. वडील निवृत्त झाले तेव्हा त्या पैशात माझ्या बहिणीचं लग्न झालं आणि खोलीला पोटमाळा झाला. त्यासाठी पठाणाकडे जावं लागलं नाही.

तर तुम्हाला गृहपाठ देतो. एक महिना खर्च लिहा. त्या १९२३ च्या अहवालासारखे पाचच रकाने करा : अन्न, वीज-इंधन, कपडे, भाडं, किरकोळ. महिनाअखेरीस किरकोळ रकाना फोडा आणि त्यात व्याज किती, हप्ते किती, ते वेगळं काढा. कुणी 'महिना फक्त इतके टक्के' म्हणालं की दोन प्रश्न विचारा. बाराने गुणल्यावर किती होतात? आणि मी मुद्दल परत करत जातोय तसं व्याज कमी होतंय का? क्रेडिट कार्डाचे महिना साडेतीन टक्के वर्षाचे ४२ होतात, आणि व्याजावर व्याज धरलं तर ५१.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलाने उरलेले हप्ते भरले. करार झाला होता, इलाज नव्हता. पण गेल्या महिन्यात त्याच्या बहिणीला स्कूटर घ्यायची होती, तेव्हा तो तिच्याबरोबर दुकानात गेला आणि कागदावर सरासरी काढून बसला. दुकानदार वैतागला म्हणे.

वेळ झाली आहे. प्रश्न असतील तर जरूर विचारा. औटकी सोडून काहीही विचारा.