साहित्य पाठवायचा पत्ता



स्मरणिकेसाठी जुने फोटो शोधायला आम्ही तिघे-चौघे शाळेच्या अडगळीच्या खोलीत गेलो होतो. फोटो थोडेच मिळाले, पण मोडक्या बाकांच्या मागे आपल्या नववीचे, म्हणजे १९८३-८४ चे हस्तलिखित सापडले. मुखपृष्ठावरचा कृष्णेचा घाट फिकट झाला आहे आणि कडा कसरीने खाल्ल्या आहेत. आत मात्र सगळे जागच्या जागी आहे. त्यात आपल्या वर्गातल्या एका मुलीची कथा आहे, बेंदराच्या आधी विकलेल्या बैलाची. शेवटच्या ओळीखाली मराठीच्या सरांनी लाल शाईने लिहिले आहे, "छान. बाहेर पाठवावी."

या शेऱ्यापाशी मी बराच वेळ थांबलो. का थांबलो ते शेवटी सांगतो. आधी तो 'बाहेर' हा शब्द घेऊ. बाहेर म्हणजे कुठे? आपल्या भागातल्या लिहिणाऱ्यांपुढे हा प्रश्न शंभरहून अधिक वर्षे उभा आहे, आणि ज्याला त्याचे उत्तर वेळेवर मिळाले तो लेखक झाला, असे मला जुनी मासिके चाळताना वाटत आले आहे.

आपला भाग म्हणताना मी सातारा आणि सांगली एकत्र धरतो. १९४९ साली दक्षिण सातारा नावाचा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठच्या माणसाला ही सीमा तशी नवीनच.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठी कवीला कविता पाठवायचा हमखास पत्ता होता जळगावचा. नारायण नरसिंह फडणीस यांनी तिथे १८८७ साली 'काव्यरत्नावली' सुरू केले. हे मासिक केवळ कवितेसाठी होते आणि केशवसुतांच्या कविताही त्यात आल्या. मुंबई-पुणे सोडून जळगावसारख्या गावी असे मासिक निघावे, ही त्या काळच्या टपालाची करामत. कवी कुठेही बसलेला असो, पत्ता माहीत असला की झाले. पुढे १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' काढले. १९०९ साली त्याचा दिवाळी अंक निघाला आणि दरवर्षी नव्या लेखनासाठी एक मोठे दार उघडायची मराठीतली रीत तिथून रुजली. आजही मराठीत नवीन कथा-कवितांना एका वेळी सर्वांत जास्त जागा मिळते ती दिवाळीतच.

आपल्याकडची माणसे या दारांपर्यंत कशी पोचली? वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले आणि तिथेच शिकले. १९२० साली ते शिरोड्याच्या शाळेत शिक्षक झाले. त्या काळी शिरोडे म्हणजे आडबाजूचे गाव. तरी तिथे बसून लिहिलेले त्यांचे लेखन टपालाने महाराष्ट्रभर गेले. 'ययाति'साठी त्यांना मिळालेले ज्ञानपीठ हे मराठीतले पहिले, ते सर्वांना ठाऊक आहे. पण त्याआधीची कित्येक वर्षे शिरोड्याहून निघणारी पाकिटे मला अधिक महत्त्वाची वाटतात.

कवी यशवंत मूळचे सातारा जिल्ह्यातले. ते शिकायला सांगलीला आले आणि तिथे त्यांना कवी साधुदासांचा सहवास मिळाला. लिहू लागलेल्या मुलाला लिहिणारे वडीलधारे माणूस भेटले की त्याचा अर्धा रस्ता सरतो. यशवंत पुढे पुण्यात गेले. साताऱ्यात जन्मलेले कवी गिरीश, माधव ज्यूलियन आणि इतर मित्र मिळून १९२३ साली रविकिरण मंडळ झाले. मंडळींनी कोणा संपादकाची वाट पाहिली नाही. 'किरण' नावाचा आपल्या कवितांचा संग्रह त्यांनी स्वतःच प्रसिद्ध केला. दुसऱ्याच्या दारावर किती दिवस उभे राहायचे, तर आपणच एक दार बसवू, असा तो प्रकार होता. गिरीश पुढे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयात मराठी शिकवीत.

यानंतर एक नवल झाले. साहित्य पाठवायचा पत्ताच आपल्या दारात आला. औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना आणला आणि किर्लोस्करवाडी वसली. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' काढली. सुरुवातीला तिचा हेतू कारखान्याची आणि मालाची माहिती देण्याचा होता. हळूहळू तिचे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' आले. जिथे लोखंड ओतले जाई तिथेच कथा, लेख आणि कविता छापल्या जाऊ लागल्या. महाराष्ट्रातले मोठमोठे लेखक आपल्या पाकिटावर 'किर्लोस्करवाडी' असे लिहीत होते. आपल्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी ते स्टेशन गाडीतून पाहिले असेल, पण तिथे आपलेही काही पाठवता येते हे त्यांतल्या किती जणांना कोणी सांगितले असेल?

ज्याला ते कळले अशा एकाची गोष्ट सांगतो. व्यंकटेश माडगूळकर माणदेशातले, आटपाडीजवळच्या माडगूळचे. शिक्षण अर्धवट राहिलेले, बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत राहिलेला हा तरुण. त्याची 'काळ्या तोंडाची' ही कथा १९४६ साली 'अभिरुची'त आली. 'अभिरुची' हे मासिक पुरुषोत्तम चित्रे बडोद्याहून चालवीत. माणदेशातला दुष्काळी मुलूख आणि गुजरातेतले बडोदे यांचा एरवी काय संबंध? संबंध एका पत्त्याचा. त्यानंतर १९४९ साली 'माणदेशी माणसं' हे पुस्तक आले आणि मराठी कथेला एक नवीन गाव मिळाले. ती पहिली कथा ट्रंकेत राहिली असती तर काय झाले असते, याचा विचार मी अनेकदा करतो.

आपल्या लहानपणी मोठ्यांच्या तोंडी नाव असे ते 'सत्यकथा'चे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नजर कडक. तिथे कथा स्वीकारली जाणे म्हणजे पदवी मिळाल्यासारखे. पण ते नुसते नाकारत नसत. कथेत दम दिसला तर काय जमले, काय नाही, हे लेखकाला लिहून कळवीत आणि तीच कथा पुन्हा मागवीत. दुसऱ्या बाजूला, हे दार आपल्यासाठी नाही असे वाटणाऱ्या तरुणांनी साठच्या दशकात सायक्लोस्टाइल केलेली अनियतकालिके काढली. 'सत्यकथा' १९८२ साली बंद पडले, म्हणजे आपण आठवीत जायच्या सुमारास. आपल्या वयाच्या मुलांसाठी 'बालभारती'चे 'किशोर' होते. ते १९७१ साली, आपण रांगत होतो तेव्हा सुरू झाले आणि अजून चालू आहे.

टपालाशिवायही वाटा होत्या. औदुंबरला कवी सुधांशूंच्या पुढाकाराने १९३९ पासून सदानंद साहित्य मंडळाचे संमेलन संक्रांतीला भरत आले आहे. दत्ताच्या दर्शनाला आलेला माणूस नदीकाठी कविता ऐकून घरी जातो, असे दृश्य दुसरीकडे क्वचितच दिसेल. १९६३ पासून सांगलीला आकाशवाणी आहे. आपल्यापैकी काहींनी तिथे जाऊन धडधडत्या छातीने कविता वाचल्याचे मला आठवते. १९६० साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन झाले. त्याचे पहिले अध्यक्ष वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. नवोदित लेखकाच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची या मंडळाची योजना आहे. आपल्या गावात वहीत कविता लिहून ठेवणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

आता मुलांच्या हातात मोबाइल आहे. पत्ते उदंड झाले, पण त्यातला खरा कोणता हे कळणे अवघड झाले. म्हणून चार अनुभवाचे बोल सांगतो. आधी अंक वाचावा, मग त्यासाठी लिहावे. विनोदी अंकाला शोककथा पाठवून उपयोग नाही. दिवाळी अंकाचे काम पावसाळ्यातच सुरू होते. दसऱ्याला पाठवलेली कथा पुढच्या वर्षाची समजावी. एकच कथा एका वेळी दोन ठिकाणी पाठवू नये आणि आपली प्रत जपून ठेवावी. स्पर्धेचे पत्रक आले तर परीक्षक कोण, आधी निकाल लागले आहेत का, लेखनावरचा हक्क कोणाकडे राहणार, हे विचारावे. माफक प्रवेशशुल्क समजू शकते. पण 'तुमची कविता निवडली आहे, संग्रहाच्या दहा प्रती विकत घ्या' असे पत्र आले की ओळखावे, की इथे कवी नको, गिऱ्हाईक हवे आहे. मी स्वतः अशा एका संग्रहाला पैसे दिले आहेत. प्रमाणपत्र आले. पुस्तक माझ्याशिवाय कोणी वाचल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या लाल शेऱ्याकडे येतो. सरांनी नुसता शेरा लिहिला नव्हता. मी हस्तलिखिताचा विद्यार्थी-संपादक होतो म्हणून त्यांनी मला जवळ बोलावले, एका मासिकाचा पत्ता स्वतःच्या अक्षरात लिहिलेले पाकीट दिले, आत परतीचे तिकीट लावलेले दुसरे पाकीट घातले आणि म्हणाले, "तिची कथा चांगल्या अक्षरात उतरवून यात घाल आणि पेटीत टाक." मी कथा उतरवली नाही. त्या पाकिटात मी माझी कविता घातली.

तीन आठवड्यांनी माझी कविता साभार परत आली. ती मी लपवली. कथेचे काय झाले असे सरांनी विचारले तेव्हा 'काही कळले नाही' असे सांगितले. तिनेही एकदा मधल्या सुट्टीत विचारले. तिलाही तेच सांगितले. त्यानंतर तिने हस्तलिखितात काही दिले नाही. दहावीच्या अंकात तिचे नाव नाही, हे मी परवा पुन्हा पाहिले.

आपले सर आता नाहीत. त्यांची माफी मागायची राहून गेली. हा लेख लिहायच्या आधी मी तिला फोन केला आणि सगळे सांगितले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "अरे, मी दोन महिने पोस्टमनकाकांना विचारत होते." आणि जरा थांबून, "कथा आहे का अजून?" मी पानांचे फोटो काढून तिला पाठवले. तिच्या परवानगीनेच हे इथे लिहितो आहे. ती कथा कुठे पाठवायची, पाठवायची की नाही, हे आता ती ठरवील.

माडगूळहून बडोद्याला पोचणारी कथा आणि आपल्या शाळेतून पोस्टाच्या पेटीपर्यंतही न पोचलेली कथा, यांच्या गुणांत किती अंतर होते ते मी सांगू शकत नाही. मधल्या माणसात मात्र अंतर होते, आणि इथे तो मधला माणूस मी होतो.

म्हणून मेळाव्यात माझी एक सूचना राहील. शाळेच्या वाचनालयात एक पत्त्यांची वही ठेवू या. त्यात मासिके, दिवाळी अंक, संमेलने, भरवशाच्या स्पर्धा आणि शासनाच्या योजना यांची माहिती आपण दरवर्षी जूनमध्ये तपासून लिहू. वहीचा, पाकिटांचा आणि तिकिटांचा खर्च मी देईन. मुलांचे लिखाण वाचून पाठवायला मात्र आपल्यातले दुसरे कोणीतरी पुढे व्हावे. ते काम माझ्याकडे नको.