काचेतली काळी नदी

घरी मासे पाळण्याचा छंद जुना आहे. परंतु एखाद्या विशिष्ट नदीचा विशिष्ट तुकडाच काचपेटीत उभा करावा, ही 'बायोटोप'ची कल्पना त्या मानाने अलीकडची. ॲमेझॉनची उपनदी रिओ निग्रो, म्हणजे 'काळी नदी', हे तिचे एक आवडते उदाहरण.

ॲमेझॉन खोऱ्यातील नद्यांची पांढऱ्या, निळ्या व काळ्या पाण्याच्या अशी विभागणी अल्फ्रेड रसेल वॉलेसने 1853 च्या प्रवासग्रंथात केली. रिओ निग्रोवर त्याने माशांची दोनशेहून अधिक रेखाचित्रे काढली होती. परतीच्या वाटेवर, 6 ऑगस्ट 1852 रोजी, त्याच्या 'हेलन' जहाजाने भर समुद्रात पेट घेतला. जहाजावरचे नमुने जळाले. पत्र्याच्या पेटीतली माशांची चित्रे मात्र वाचली. ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध व्हायला 2002 साल उजाडले.

योगायोग असा की, याच सुमारास लंडनमध्ये काचपेटी आकाराला येत होती. वनस्पती, मासे व गोगलगायी परस्परांना कसे जगवतात, हे रॉबर्ट वॉरिंग्टनने 1850 मध्ये मांडले. 1853 मध्ये रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले.

आज ही काळी नदी घरी उभी करायची तर हिरवीगार बाग विसरावी लागते. बारीक फिकट वाळू, गुंतलेल्या काटक्या, वाळलेली पाने, मंद उजेड आणि क्षार जवळजवळ नसलेले आम्लधर्मी पाणी, एवढेच साहित्य. आपल्या अंगणातल्या देशी बदामाचे वाळके पानही चालते. तेच पाण्याला कोऱ्या चहाचा रंग देते. त्या काळोखात कार्डिनल टेट्राची निळी-तांबडी रेघ उजळते.

पेच आहे तो इथेच. 1956 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला हा मासा ब्राझीलमधील बार्सेलोस परिसरातल्या कोळ्यांची उपजीविका ठरला. पुरात बुडणाऱ्या जंगलात तो वाढतो. म्हणून जंगल राखणे हे त्यांच्याही हिताचे. आता तो दूरदेशीच्या शेततळ्यांत व टाक्यांतही पैदा होतो. तसा मासा आणला की आपली प्रतिकृती हुबेहूब होते खरी, पण तिचा मूळ नदीशी व्यवहार उरत नाही.

वॉलेसचे नमुने गेले आणि चित्रे उरली, हा अपघात होता. नदीच्या बाबतीत तसेच घडले, तर त्याला अपघात म्हणता येणार नाही.