धाप एकच, वाटा निराळ्या

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. त्या मोठ्या गिरण्या आता बंद पडल्या आहेत. गिरणीत कापूस पिंजणाऱ्या कामगारांच्या धापेची एक खूण मात्र जगभर सारखी आढळली. आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे त्रास ओसरत जातो. हा बिसिनोसिस. कामाच्या जागी होणाऱ्या अॅलर्जीच्या दम्यात बहुधा उलटे घडते. आठवडा सरतो तसा त्रास वाढतो. असे का?

अॅलर्जीचे कोडे १९२१ मध्ये थोडे उलगडले. ब्रेस्लाऊच्या हाइन्झ क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी त्यांचा रक्तद्रव स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिथेच माशाचा अर्क टोचला. काही मिनिटांत गांध उठली! म्हणजे अॅलर्जीचे मूळ रक्तातल्या कोणत्यातरी द्रव्यात होते. (हा प्रयोग आज कोणी करू नये, रक्तातून कावीळही येते.) ते द्रव्य, म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, इशिझाका दांपत्याने १९६६ मध्ये शोधले. ते मास्ट पेशींवर चिकटून बसते. ओळखीचा परागकण आला की पेशी हिस्टामिन सोडते आणि श्वासनलिका आवळतात. मागाहून लसिकापेशी इंटरल्यूकिन-५ हा निरोप धाडतात. इओसिनोफिल जमतात, सूज टिकते.

पण ज्यांची अॅलर्जीची चाचणी कोरी येते त्यांचे काय? अमेरिकेतील फ्रान्सिस रॅकमन यांनी अशांच्या दम्याला ‘आतल्या कारणाचा’ म्हटले. आम्हांला हे नाव फसवे वाटते. बाहेर कारण सापडले नाही, म्हणजे ते बाहेर नसतेच असे नाही. २०१० मध्ये आयएलसी-२ या पेशींचे वर्णन झाले आणि एक वाट दिसली. श्वासनलिकेचे अस्तर दुखावले की ते इंटरल्यूकिन-३३ सोडते. त्याने जाग्या झालेल्या या पेशी आयजीईवाचूनच इंटरल्यूकिन-५ बनवतात.

बिसिनोसिस हा काटेकोर अर्थाने दमा नव्हे, आणि त्याची वाट आणखी वेगळी. कापसाच्या धुळीत जीवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन असते. फुप्फुसातल्या भक्षकपेशी ते ओळखतात आणि न्यूट्रोफिलांना बोलावतात. यात आयजीईचे काम पडत नाही. त्यामुळे कामगाराची अॅलर्जीची चाचणी कोरी येऊ शकते. धूळ मात्र खरीच असते. सुट्टीनंतरच्या एका दिवसापुरता असलेला त्रास वर्षानुवर्षे धूळ खाल्ल्यावर रोजचा होतो, आणि मग गिरणी सुटली तरी धाप सुटतेच असे नाही.