रेलगन : खोल समुद्रातील परवडणारी स्पिअरगन

रेलगन : श्वास रोखून पाण्याखाली मासा टिपण्यासाठी वापरली जाणारी, रबराच्या ताणावर चालणारी स्पिअरगन. हिच्या नळीच्या पाठीवर टोकापासून मुठीपर्यंत एक उथळ पन्हळ असते. तिलाच रेल म्हणतात. भाला पूर्ण लांबीभर या पन्हळीत टेकलेला राहतो. हा प्रकार दक्षिण आफ्रिकेतील क्वाझुलु-नाताळच्या किनाऱ्यावर रुजला आणि डरबनच्या रॉब अ‍ॅलन या उत्पादकामुळे जगभर पोचला. किनारा सोडून खोल पाण्यात सुरमई, कुपा, वाहू अशा वेगवान माशांमागे जाणाऱ्याला बेताच्या पैशात भरवशाचे हत्यार हवे असेल, तर पहिला विचार रेलगनचाच करावा.

पाण्याखाली बंदुकीने मासे मारण्याची हौस १९३०च्या दशकात भूमध्य समुद्राच्या फ्रेंच किनाऱ्यावर वाढली. तेथे राहणारा अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक याचे या विषयावरचे पुस्तक १९३८ मध्ये निघाले. सुरुवातीच्या काही बंदुका स्प्रिंगवर चालत. पुढे मार्सेयच्या जॉर्ज ब्यूशाने १९४७ मध्ये ‘टार्झन’ ही रबरावर चालणारी बंदूक आणली आणि युरोपात रबराचा जम बसला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र वेगळी परंपरा वाढली. सॅन दिएगोत १९३३ मध्ये ‘बॉटम स्क्रॅचर्स’ हा पाणबुड्या शिकाऱ्यांचा क्लब निघाला. त्याच किनाऱ्यावर पुढे जाड लाकडाच्या, तीन-चार किंवा अधिक रबरांच्या अवजड बंदुका घडल्या. टेरी मास याने १९८२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ ३९८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८० किलोचा ब्लूफिन कुपा मारला, तो याच परंपरेतला. युरोपची बंदूक हलकी पण मोठ्या माशाला अपुरी, अमेरिकेची दमदार पण महाग. रेलगनने या दोहोंमधली जागा घेतली.

रचना : अॅल्युमिनियमची पोकळ, दोन्ही तोंडांनी बंद केलेली नळी, पुढे रबर ओवण्याचे तोंड, मागे मूठ आणि तिच्यात चापाची यंत्रणा, एवढाच हिचा संसार. रेल नळीबरोबर एकाच साच्यातून दाबून काढलेली असते, वेगळी चिकटवावी लागत नाही. तिचे काम नीट समजून घेण्यासारखे आहे. दोन जाड रबरे ताणून भाल्याच्या मागच्या भागात अडकवली की ती भाल्याला पुढे ढकलता ढकलता खालीही दाबतात. आधार नसेल तर भाला वेताच्या छडीसारखा मध्ये लवतो, सुटताना फडफडतो आणि नेमाच्या खाली-वर जातो. रेल त्याला लवू देत नाही. त्यामुळे साध्या नळीवरही जोरकस रबरे लावता येतात आणि अचूकपणासाठी महागडे लाकूड घडवावे लागत नाही. रेलगन स्वस्त पडते ती यामुळे. लाकडी बंदुकीला तिच्या दुप्पट-तिप्पट पैसे सहज पडतात.

स्वस्ताईचे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. भाला, रबर, दोरी, तोंड, चापाची यंत्रणा असा हिचा जवळजवळ प्रत्येक भाग सुटा मिळतो आणि घरच्या घरी बदलता येतो. समुद्रात भाला वाकतो, रबर तुटते, दोरी खडकावर घासते. हे घडणारच. विकत घेतानाची किंमत कमी, पण तुटलेला भाग मिळत नाही म्हणून अख्खी बंदूक अडगळीत पडली, असे झाले तर ती बंदूक स्वस्त नव्हतीच. नाव नसलेल्या ऑनलाइन मालात हा धोका नेहमीचा. त्यातल्या काही बंदुकांत चापाच्या आतला खटका प्लॅस्टिकचा असतो. एका रबराला तो पुरतो, दोन ताणलेल्या रबरांच्या दाबाखाली त्याच्यावर विसंबू नये. खोल पाण्यासाठी आतले सगळे खटके स्टेनलेस स्टीलचेच हवेत. इथे पैसे वाचवू नयेत.

लांबी : बंदूक नळीच्या लांबीने ओळखतात. बाजारात साधारण ७५ ते १४० सेंमी पर्यंतच्या मिळतात. किती लांब घ्यावी हे माशाच्या आकारावर कमी आणि पाण्यात किती दूरचे दिसते यावर जास्त ठरते. गढूळ पाण्यात दोन-तीन मीटरवर मासा दिसतो, तिथे १२० सेंमीची बंदूक वळवेपर्यंत तो निघून जातो. तिथे ७५ ते ९० सेंमीच बरी. उघड्या निळ्या पाण्यात मासा अंतर राखून फिरतो, तेव्हा १२० किंवा १३० लागते. एकच बंदूक घ्यायची ऐपत असेल तर ११० किंवा १२० घ्यावी. तिने खडकाळ भागातही काम भागते आणि सुरमईच्या मापाच्या माशालाही ती पुरते. लांबीबरोबर रबर ओढण्याचे कष्ट वाढतात, हेही ध्यानात धरावे. बंदुकीचा दस्ता छातीवर किंवा कमरेवर टेकवून दोन्ही हातांनी रबर मागे आणावे लागते आणि हे सारे तरंगत असताना करायचे असते. दुकानात उभे राहून हात पुरतात की नाही, ते पाहूनच बंदूक उचलावी.

अंतराचा अंदाज हाही लांबीशी जोडलेला आहे. मुखवट्याच्या काचेतून पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी आणि एक चतुर्थांश जवळ भासते. नवख्याला मासा हाताशी आलेला वाटतो आणि भाला अर्ध्यावरच दम टाकतो. चांगल्या १२० च्या बंदुकीचा भरवशाचा मारा भाल्याच्या टोकापासून तीन-चार मीटरचा समजावा. जाहिरातीत त्याहून मोठे आकडे असतात.

रबर आणि भाला : रबर नैसर्गिक लॅटेक्सचे असते. १४, १६, १८ आणि २० मिलिमीटर या जाड्या सर्रास मिळतात. १६ मिमीची दोन रबरे हा परवडणारा आणि ओढायला झेपणारा मेळ आहे. ताणलेली लांबी मूळ लांबीच्या तीन ते साडेतीन पट राहील अशा बेताने रबर कापतात. याहून आखूड कापले तर मारा किंचित वाढतो, पण रबर लवकर मरते आणि हलकी नळी झटका देऊन वर उसळते. नेम चुकतो तो बहुधा याच उसळीने. म्हणून कमी वजनाच्या बंदुकीवर तिसरे रबर चढवण्याचा मोह टाळावा. भाला नळीपेक्षा साधारण ४० सेंमी लांब असतो. १२० च्या बंदुकीला १६० सेंमीचा लागतो. सात मिमीचा भाला वेगवान, आठ मिमीचा जड व खोल रुतणारा. खोल पाण्यासाठी साडेसात मिमी हा मधला मार्ग चांगला. पोलाद स्प्रिंगच्या जातीचे, कडक हवे. मऊ स्टेनलेसचा भाला पहिल्याच दांडग्या माशाने वाकतो. रबर अडकवायला भाल्यात कोरलेल्या खाचांपेक्षा वर जोडलेले छोटे पंख बरे, कारण खाचेपाशी भाला कमकुवत होतो.

दोरी आणि फ्लोट : खोल पाण्यात मासा भाल्याने मिळतो असे नवख्याला वाटते. मिळतो तो दोरीने. क्वाझुलु-नाताळमध्ये जिला ‘कुडा’ म्हणतात ती आपलीच सुरमई, स्कॉम्बरोमोरस कॉमरसन. तिचे मांस मऊ असते. भाला आरपार गेला आणि दोरी एकदम ताणली गेली, तर जखम फाटून मासा सुटतो व बहुधा मरतो. ते टाळण्यासाठी दोरीला ताण शोषणारा लवचिक तुकडा जोडतात. हा तुकडा स्वस्तातल्या वस्तूंपैकी आहे आणि तो वाचवतो तेवढे मासे नवी नळी वाचवत नाही. भाल्याला बांधलेली दोरी नायलॉनची, सुमारे दोन मिमी जाड असते. १२० च्या नळीवर तिच्या दोन फेऱ्या घातल्या की पाच मीटरच्या आसपास दोरी भाल्याबरोबर जाते. पुढे २० ते ३० मीटरची तरंगती दोरी आणि तिच्या टोकाला फ्लोट. मासा लागला की बंदूक सोडून द्यायची, वर येऊन श्वास घ्यायचा आणि दोरीवरून मासा खेळवायचा. फुगवण्याच्या फ्लोटपेक्षा आत फोम भरलेला कडक फ्लोट घ्यावा. मोठा मासा त्याला दहा मीटर खाली ओढून नेतो, तेव्हा हवेचा फ्लोट पाण्याच्या दाबाने निम्मा होतो आणि त्याची उचलही निम्मीच उरते.

रीलचे आकर्षण मोठे आहे. बंदुकीवर पन्नास मीटर दोरी गुंडाळलेली सुटसुटीत दिसते. पण हातात बंदूक, दोरीला मासा, छातीत संपत आलेला श्वास, अशा वेळी रील अडकली तर माणूस माशाबरोबर खाली जातो. उघड्या समुद्रात बोटीवरून उतरणाऱ्याने पहिले पैसे फ्लोटवर घालावेत. रील नंतर कधीतरी. क्वाझुलु-नाताळमधील उम्कोमासपासून सुमारे पाच किलोमीटरवरच्या अ‍ॅलिवल शोलसारख्या ठिकाणी शार्क जखमी माशाच्या वासाने येतात. मासा अंगाशी बांधून पोहणे तेथे जिवावर बेतू शकते, तो दूर फ्लोटखाली असलेलाच बरा. मासे जवळ आणायला तिथले लोक चकचकीत तुकड्यांची माळ पाण्यात सोडतात आणि तारलीचे तुकडे टाकतात. माळेला जुन्या सीडीही चालतात.

जुनी बंदूक घेताना : वापरलेली रेलगन हा सर्वांत चांगला सौदा असू शकतो, मात्र तपासून घ्यावी. नळी कानाशी धरून हलवावी. आत पाणी खुळखुळले तर बंद तोंडाची जोडणी गेली, अशी बंदूक भाला सुटल्यावर तरंगायची ती बुडते. भाला काचेवर लोळवला की बाक लगेच दिसतो. रबर अंगठ्याने दाबून ताणावे. बारीक चिरा किंवा चिकटपणा असेल तर किमतीतून नव्या रबराचे पैसे वजा करावेत. चापाच्या खटक्यात भाला बसवून हाताने जोरात ओढावा, तो कसल्याही हिसक्याने सुटता कामा नये. रबर ताणून ही चाचणी जमिनीवर कधीही करू नये. भरलेली बंदूक पाण्याबाहेर काढायची नाही, हा नियम फ्रान्ससारख्या देशांत कायद्यातच आहे.

इतर प्रकारांपैकी कार्बनची नळी हलकी व कडक, पण तिचा फायदा नवख्याला जाणवत नाही. हवेच्या दाबाची बंदूक आखूड असूनही जोरकस असते, मात्र तिची देखभाल किचकट. रोलर बंदुकीत तोंडाशी चाके असतात व रबर नळीच्या खालूनही ताणले जाते, त्यामुळे आखूड बंदुकीत लांब बंदुकीचा जोर येतो आणि झटका कमी बसतो. पण ती भरायला सवय लागते.

पैशांचा हिशेब करताना एक रक्कम आधी बाजूला ठेवावी, ती श्वास रोखून बुडण्याच्या शिक्षणाची. वर येताना शेवटच्या दहा मीटरमध्ये शरीरातील ऑक्सिजनचा दाब झपाट्याने उतरतो आणि कसलीही सूचना न मिळता माणसाची शुद्ध हरपू शकते. बुडण्याआधी भराभर खोल श्वास घेतल्याने हा धोका वाढतो. एक खाली असताना दुसऱ्याने वर थांबून त्याच्यावर नजर ठेवणे, यावाचून खोल पाण्यात उतरू नये.

दक्षिण आफ्रिकेत स्पिअरगनने मासे मारायला परवाना लागतो आणि स्कुबाची टाकी लावून मारता येत नाही. इटली, फ्रान्स अशा अनेक देशांतही टाकीला बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या पोटॅटो बास व ब्रिंडल बास या प्रचंड गोब्र्यांना हात लावता येत नाही. यातला ब्रिंडल बास, म्हणजे एपिनेफेलस लॅन्सिओलेटस, भारतातही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहे. हा मासा धीट आणि एकाच कपारीत राहणारा असल्याने बंदुकीपुढे अगदीच असहाय ठरतो. कोकणात १९८७ मध्ये मालवणचा समुद्री भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे किंवा इतरत्र उतरण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय व वन खात्याचे स्थानिक नियम विचारून घ्यावेत. कोकणच्या किनाऱ्यालगतचे पाणी बहुतेक काळ गढूळ असल्याने, नियमांनी मुभा दिली तरी डरबनची लांब रेलगन इथे उपयोगी पडत नाही. लक्षद्वीपसारखे स्वच्छ पाणी असेल तिथेच तिची लांबी कामाला येते.