पाच कोटींची पलटण

२९ डिसेंबर २०२४, रविवार. बालेवाडीत प्रो कबड्डीची फायनल होती. आम्ही चौघं मित्र इंदापूरहून सकाळीच निघालो होतो. मैदान पुण्याचं, पण मॅटवर पुणेरी पलटण नव्हती. ती प्लेऑफलाही पोचली नव्हती. हरियाणा स्टीलर्सनी पटना पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. हरियाणाच्या संघात इराणचा मोहम्मदरझा शादलू होता. हाच गडी १ मार्च २०२४ ला हैदराबादेत पलटणकडून खेळला होता आणि पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली होती, तेही ह्याच हरियाणाला २८-२५ असं हरवून.

परतीच्या वाटेवर भिगवणपर्यंत एकच वाद चालला होता: "असला माणूस सोडलाच कसा?"

उत्तर शोधायला थोडं मागं जावं लागतं. कबड्डीत पूर्वी पैसा नव्हता, नोकरी होती. चांगला खेळणाऱ्या पोराला रेल्वे, पोलीस, बँक किंवा एखादी कंपनी उचलायची. पगार कारकुनाचा, खेळ त्यांच्या संघाकडून. २०१४ मध्ये लीग आली आणि पहिल्या लिलावात राकेश कुमारला पटनानं १२ लाख ८० हजारांना घेतलं, तेव्हा तो आकडा मोठाच वाटला. चार वर्षांत, २०१८ ला, सहा खेळाडूंनी कोटीचा आकडा गाठला. मोनू गोयत दीड कोटीच्याही वर.

पण खेळाडूची किंमत वाढत असली तरी संघाच्या एकूण खर्चाला लीगची मर्यादा असते. २०२२ ला ती ४ कोटी ४० लाख होती, २०२३ ला ५ कोटी झाली. मालक कितीही श्रीमंत असो, त्याच्या वर जाता येत नाही. नाहीतर दोन-तीन धनवान संघांनी सगळे चांगले गडी नेले असते आणि बाकीच्यांचे सामने कुणी बघितले नसते.

हे गणित आमच्या बारामती-इंदापूरकडं कुणालाही पटकन कळतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने पावसाळ्यात बंद असतात, पण टोळ्या तेव्हाच बांधल्या जातात. मुकादम उचल घेतो आणि ती कोयत्याकोयत्यात वाटतो. कोयता म्हणजे बहुतेकदा नवरा-बायकोची जोडी. दोन कोयत्यांवरच सगळी उचल संपवली, तर गाडी भरायला माणसं पुरत नाहीत. फरक एवढाच, आणि तो लहान नाही: तोडणीवाल्याची उचल हे त्याच्या डोक्यावरचं कर्ज असतं, फिटलं नाही तर पुढच्या हंगामात सोबत येतं. खेळाडूचा आकडा ही त्याची कमाई असते.

आता पलटणचा हिशोब बघू. २०२२ च्या लिलावात त्यांनी दोन इराणी घेतले. फजल अत्राचली १ कोटी ३८ लाखांना आणि मोहम्मद नबीबक्ष ८७ लाखांना. दोघांचे मिळून सव्वादोन कोटी, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसा दोन माणसांवर. संघ फायनलला गेला आणि जयपूरकडून २९-३३ असा हरला.

पुढच्या लिलावाआधी दोघंही सोडले. धरून ठेवली ती पोरं: नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते, आकाश शिंदे, अबिनेश नादराजन. ह्यातली बरीचशी तेव्हा स्वस्तात होती, कारण नवोदितांचा पगार लिलावात चढत नाही, ठरलेला असतो. म्हणून लिलावाला जाताना पलटणच्या हातात सुमारे २ कोटी ८० लाख शिल्लक होते. त्यातले २ कोटी ३५ लाख त्यांनी एकट्या शादलूवर लावले. डावा कोपरा पक्का झाला. पोरांनी रेड मारल्या, शादलूनं पकडी केल्या, कप आला.

खरी अडचण कप आल्यावर सुरू होते. जिंकलेल्या पोरांना कायम स्वस्तात ठेवता येत नाही, आणि मर्यादा मात्र तिथंच. २०२४ ला शादलू लिलावात गेला, हरियाणानं २ कोटी ७ लाख लावले. पाच कोटींतले चाळीस टक्क्यांहून जास्त. पलटणनं पोरं राखली, शादलू जाऊ दिला. त्या हंगामात ते फसलं. पण २०२५ ला, शादलूशिवाय, अस्लमच्याच कप्तानीत पलटण फायनलला पोचली आणि दिल्लीकडून फक्त तीन गुणांनी हरली.

म्हणून त्या रात्रीच्या वादात मी आता बाजू बदलली आहे. सोडणं ही चूक नव्हती. मर्यादेखाली संघ बांधणं म्हणजे कुणाला घ्यायचं यापेक्षा कुणाला जाऊ द्यायचं, हेच ठरवणं.

मात्र ह्या हिशोबाची एक बाजू टीव्हीवर दिसत नाही. एकावर सव्वादोन कोटी गेले की उरलेल्या पंधरा-वीस जणांत बाकीचं वाटायचं असतं. २०२३ ला सगळ्यात खालच्या गटाची बोली ९ लाखांपासून सुरू होत होती, आणि कित्येकांवर तेवढीही लागत नाही.

आमच्या गावात संध्याकाळी पोरं मातीत खेळतात. त्यांच्या मोबाईलवर शादलूचा आकडा असतो. मी त्यांना म्हणतो, यादी खालून वाचा. आपली सुरुवात तिथून होणार आहे. आणि रेल्वे-पोलिसांच्या भरतीचा फॉर्म भरून ठेवा.