मुख्याध्यापक बदलले म्हणून मुलाची शाळा बदलायची का? निर्णय घेण्याआधी हे तपासा

दिवाळीची सुट्टी संपते, शाळा सुरू होते आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज पडतो. "प्रिन्सिपल मॅडम गेल्या म्हणे. कुणाला काही माहितीये का?"

पुढच्या तासाभरात ग्रुप पेटतो. कुणी म्हणतं ट्रस्टींशी वाजलं, कुणी म्हणतं पगार थकला होता. एक जण छातीठोकपणे सांगतो की अर्धे शिक्षकही जाणार आहेत. दोन दिवसांनी शाळेचं पत्रक येतं, त्यात "वैयक्तिक कारणास्तव" एवढंच असतं. तोवर कुणीतरी शेजारच्या शाळेच्या प्रवेश अर्जाची लिंक टाकलेली असते आणि तीन-चार पालकांनी फॉर्म भरलेलाही असतो.

घाई होण्यामागं कारण आहे. अनेक शहरांत सीबीएसई आणि आयसीएसई शाळांचे पुढच्या वर्षाचे प्रवेश ऑक्टोबर ते जानेवारीच्या दरम्यानच उरकतात. म्हणजे थांबून बघू म्हटलं तर जागा जाते, आणि लगेच उडी मारली तर हजारोंची फी, नवा गणवेश, नवी बस आणि मुलाचे तुटलेले मित्र.

मुख्याध्यापक बदलल्यानं खरंच फरक पडतो का?

पडतो. यावर सगळ्यात जास्त अभ्यास अमेरिकेत झालाय. तिथल्या वॉलेस फाउंडेशननं २०२१ मध्ये अनेक अभ्यासांचा आढावा घेणारा अहवाल प्रसिद्ध केला. सुमार मुख्याध्यापकाच्या जागी चांगला मुख्याध्यापक आला, तर शाळेतल्या साधारण विद्यार्थ्याचं गणित आणि वाचनातलं शिकणं एका वर्षात जवळपास तीन महिन्यांच्या अभ्यासाइतकं वाढतं, असं त्यात म्हटलंय. त्याआधी २०१९ मध्ये टेनेसी आणि मिसुरी या दोन राज्यांतल्या शाळांचा अभ्यास झाला होता. त्यात दिसलं की मुख्याध्यापक बदलल्यावर सरासरीनं मुलांचे गुण थोडे घसरतात आणि शाळा सोडणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण वाढतं.

पण हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडं लावायचे नाहीत. हे अभ्यास मुख्यतः सरकारी शाळांचे आहेत, आणि तिथं शिक्षक निवडण्यात मुख्याध्यापकाचा बराच हात असतो. आपल्या बहुतेक खासगी शाळांत सही मुख्याध्यापकांची असते आणि तिजोरीची किल्ली संस्थेकडं. शिक्षकांचा पगार किती, वर्गात मुलं किती, प्रयोगशाळेवर खर्च करायचा की स्वागतकक्षाच्या काचेवर, हे ट्रस्टी ठरवतात. त्यामुळं कोण गेलं यापेक्षा शाळा खरं चालवतं कोण, हा प्रश्न आपल्याकडं मोठा आहे.

या अभ्यासांतली आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. मुख्याध्यापकाचा परिणाम मुलांपर्यंत पोहोचतो तो बहुतांशी शिक्षकांमधून. चांगला मुख्याध्यापक चांगले शिक्षक टिकवतो. म्हणून मुख्याध्यापक गेल्यावर नजर ठेवायची ती शिक्षकांवर.

आधी बघा, ते गेले कसे?

राज्य मंडळाच्या जुन्या, अनुदानित शाळेत मुख्याध्यापक बदलणं ही बहुतेक वेळा बातमीच नसते. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ चा आणि त्याची नियमावली १९८१ ची आहे. त्यानुसार शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतात आणि मुख्याध्यापकपद साधारणपणे पात्र शिक्षकांतल्या सगळ्यात ज्येष्ठ व्यक्तीला मिळतं. अल्पसंख्याक संस्थांना आपला प्रमुख निवडण्याचं जास्त स्वातंत्र्य आहे. म्हणजे नवे सर बहुधा त्याच शाळेत वीसेक वर्षं शिकवत असलेले असतात. अशा बदलामुळं शाळा सोडायचा विचार करत असाल, तर माझ्या मते थोडं थांबा.

नव्या, भरमसाट फीच्या शाळांचं गणित वेगळं असतं. तिथं प्राचार्य बाहेरून, कराराने आणलेले असतात आणि त्यांना दुसऱ्या शाळेतून सतत विचारणा होत असते. करार संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये, पुढच्या माणसाचं नाव आधी जाहीर करून कुणी गेलं तर ते नोकरी बदलणं झालं. वर्षाच्या मधेच, परीक्षा तोंडावर असताना, कुणालाही न सांगता गेलं तर विचारणं भाग आहे. त्यातही पाच वर्षांत तिसरे प्राचार्य असतील, तर दोष जाणाऱ्यांत शोधण्यापेक्षा त्यांना नेमणाऱ्यांत शोधावा.

खुर्ची किती काळ रिकामी आहे हेही बघा. एखाद-दोन महिने "प्रभारी" समजू शकतो. पण वर्षभर प्रभारीच असतील, तर संस्थेला एक तर कुणी मिळत नाहीये किंवा कुणी नकोय.

यापेक्षा मोठा बदल असतो तो मालकीचा, आणि तो ग्रुपवर कळतही नाही. इमारत तीच, पाटी तीच, पण विश्वस्त मंडळ नवं. किंवा एखाद्या साखळीचं नाव घेऊन चालणाऱ्या शाळेचा त्या साखळीशी असलेला करार संपतो आणि गेटवरची पाटी बदलते. संस्था सार्वजनिक न्यास असेल तर विश्वस्तांमधला बदल ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयाला कळवावा लागतो. पालक सभेत सरळ विचारा, "विश्वस्त तेच आहेत का?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना समोरचा किती वेळ घेतो ते बघण्यासारखं असतं.

शिक्षक टिकलेत का, हे कसं कळणार?

मी आठवीत असताना आमचे मुख्याध्यापक निवृत्त झाले. निरोप समारंभात अर्धी शाळा रडली. दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला नेहमीच्याच बाई आल्या आणि आम्हा मुलांसाठी काहीच बदललं नाही. दीड वर्षानं त्या बाई सोडून गेल्या. समारंभ नाही, पत्रक नाही. ते दहावीचं वर्ष आम्ही सगळ्यांनी क्लास शोधण्यात घालवलं.

म्हणून शाळेत जाऊन "नवे प्राचार्य कसे आहेत?" असं विचारू नका, उत्तर "फार अनुभवी" असंच येणार. गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले आणि तुमच्या मुलाच्या इयत्तेला गणित, विज्ञान, भाषा आत्ता कोण शिकवतं, हे विचारा. नावं सांगा म्हणावं.

घरातही पुरावा असतो. मुलाच्या वह्या काढा. जूनमधलं पान आणि या आठवड्यातलं पान शेजारी ठेवा. तपासल्याच्या तारखा नियमित आहेत का, चुकीवर काही लिहिलंय का, की नुसती बरोबरची खूण? वही तपासणं थांबलं की समजा शिक्षकांवर ताण आहे किंवा कुणी विचारणारं उरलेलं नाही. मुलाला "शाळा आवडते का?" असं विचारण्यापेक्षा "आज किती तास ऑफ गेले?" हे विचारा. आणि व्हॅनवाल्या काकांशी बोला. शाळेतलं बरंच काही त्यांना ग्रुपच्या आधी कळतं.

सीबीएसई शाळांच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. प्रत्येक संलग्न शाळेला आपल्या वेबसाइटवर ठरावीक माहिती उघड करावीच लागते. संलग्नता क्रमांक, प्राचार्यांचं नाव आणि पात्रता, शिक्षकांची संख्या, अग्निसुरक्षा आणि इमारत सुरक्षेचे दाखले, फी, मागच्या तीन वर्षांचे बोर्डाचे निकाल, सगळं एका पानावर. त्या पानावर अजून जुन्याच प्राचार्यांचं नाव असेल किंवा दाखल्यांच्या लिंक उघडत नसतील, तर शाळेचं ऑफिस कसं चालतं याचा अंदाज येतो. बोर्ड कोणतंही असो, शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (महाराष्ट्रात तो २७ नं सुरू होतो) घेऊन केंद्र सरकारच्या यू-डायस प्लस पोर्टलवर विद्यार्थी, शिक्षक आणि वर्गखोल्यांचे आकडे बघता येतात. आरटीई कायद्यात पहिली ते पाचवीसाठी ३० मुलांमागं एक आणि सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागं एक शिक्षक असं प्रमाण दिलंय. ते शाळेच्या आकड्यांशी ताडून बघा.

नवे आले आणि फी वाढवली तर?

नेतृत्व बदललं की नवा गणवेश, नवं ॲप, नवा "अभ्यासक्रम भागीदार" आणि पाठोपाठ फीवाढ, हा क्रम अनेकांच्या ओळखीचा असेल. महाराष्ट्रात यासाठी फी विनियमन कायदा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असायला हवा, मुलाचे पालक म्हणून तुम्ही आपोआप त्याचे सदस्य असता आणि त्याची कार्यकारी समिती सोडत काढून निवडायची असते. शाळेनं प्रस्तावित फी या समितीपुढं ठेवायची असते. एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षांसाठी बंधनकारक असते.

गंमत म्हणजे या समितीचे अध्यक्ष असतात मुख्याध्यापक. त्यामुळं ती खुर्ची कुणाकडं गेली याचा तुमच्या खिशाशी थेट संबंध येतो. आधीच्या मॅडम पालकांचं ऐकून घेत असतील आणि नवे सर समितीची सभाच बोलवत नसतील, तर ही गोष्ट नव्या रंगरंगोटीपेक्षा महत्त्वाची आहे. नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार २५ टक्के पालक एकत्र आले तर विभागीय समितीकडं दाद मागता येते. एकट्यानं भांडून चिडचिड होते, म्हणून आधी ग्रुपवरच्या लोकांची मोजणी करा.

दुसरी शाळा निवडताना

इथं बहुतेक पालक एक चूक करतात. आपल्या शाळेतल्या उणिवा त्यांना रोज दिसतात, दुसऱ्या शाळेचा मात्र फक्त ओपन डे दिसतो. जे प्रश्न आपल्या शाळेला विचारले तेच तिथंही विचारा. तिथले प्राचार्य किती वर्षं आहेत? त्यांच्या आधीचे का गेले? ओपन डेला जाण्यापेक्षा एखाद्या मंगळवारी शाळा सुटायच्या वेळी गेटबाहेर उभे राहा. पालक काय बोलतात ते ऐका. एका माणसाकडं बघून शाळा निवडली, तर तो माणूस तिथूनही जाऊ शकतो.

आरटीई कायद्यानुसार प्रवेशासाठी मुलाची परीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊन चाळणी लावता येत नाही. तसं केल्यास पहिल्या वेळी २५ हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. देणगी घेतल्यास घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शकतो. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणासाठी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानं अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना त्यातून वगळलंय.

मूल २५ टक्के राखीव जागेवर शिकत असेल तर जास्तच जपून. शाळा सोडली की ती मोफत जागा आपोआप दुसऱ्या शाळेत येत नाही.

कोणत्या इयत्तेत आहे?

पहिली ते चौथीत मुलाचं जग म्हणजे वर्गशिक्षिका. त्या टिकल्या असतील तर एक सत्र थांबायला हरकत नाही. बदलायचंच असेल तर पाचवी किंवा सहावीच्या सुरुवातीला बदल तुलनेनं सोपा जातो.

नववीत गेल्यावर मात्र दार अरुंद होतं. सीबीएसईमध्ये दहावीची नोंदणी नववीतच होते आणि दहावीत थेट प्रवेश साधारणपणे सीबीएसईच्याच शाळेत नववी केलेल्यांना मिळतो. पालकांची बदली वगैरे कारणांसाठी बोर्डाची परवानगी लागते. "प्राचार्य आवडले नाहीत" हे त्यात बसत नाही. त्यामुळं मूल आठवीत असेल आणि मनात शंका असेल, तर निर्णय याच वर्षी घ्यावा लागेल. बोर्डही बदलणार असाल तर आधी भाषांचे विषय जुळतात का ते बघा.

ठरलं तर दाखला कसा घ्यायचा?

दुसऱ्या शाळेचा प्रवेश लेखी पक्का झाल्याशिवाय शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज करू नका. विनाअनुदानित खासगी शाळेनं मधूनच प्रवेश दिलाच पाहिजे असा हक्क कायदा देत नाही. शाळा बदलून प्रवेश मागण्याचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरता आहे. अर्ज केल्यावर मात्र मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो, आणि मूल ज्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जातंय तिला दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. अर्जाच्या प्रतीवर शाळेचा शिक्का आणि तारीख घ्या. अडवणूक झाली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडं जाताना तीच प्रत लागते.

दाखला हातात आला की ऑफिसच्या खिडकीपाशीच तो वाचा. मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, शेवटची इयत्ता. एक अक्षर चुकलं असेल तरी तिथंच दुरुस्त करून घ्या, कारण मूल शाळेतून गेल्यावर दुरुस्तीसाठी बरेच हेलपाटे घालावे लागतात. आणि पोर्टलवरून मुलाची नोंद नव्या शाळेकडं पाठवली का, हेही विचारून या. नवीन शाळा ऑनलाइन विनंती पाठवते, जुन्या शाळेला ती मान्य करावी लागते, आणि मे महिन्यात ऑफिसात कुणी भेटेलच याची खात्री नसते.