विद्युत गोल्फ कार्टचे पेट्रोल इंजिनावर रूपांतर

विद्युत गोल्फ कार्टचे पेट्रोल इंजिनावर रूपांतर म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या गोल्फ कार्टमधील विद्युत मोटर, बॅटरीसंच आणि कंट्रोलर काढून त्यांच्या जागी एक सिलिंडरचे लहान पेट्रोल इंजिन बसविण्याची प्रक्रिया होय. ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेतील हौशी कारागीर, शेतकरी आणि शिकारी यांच्यात आढळते. अमेरिकी बोलीत पेट्रोलला 'गॅस' म्हणत असल्याने अशा गाडीस तेथे 'गॅस कार्ट' म्हटले जाते. एलपीजी किंवा सीएनजी या इंधनांशी या नावाचा संबंध नाही.

वरकरणी ही केवळ एका यंत्राच्या जागी दुसरे यंत्र बसविण्याची क्रिया वाटते. प्रत्यक्षात विद्युत मोटर एकटीच अनेक कामे करीत असते. ती स्थिर अवस्थेतून गाडी ओढते, उलट फिरून गाडी मागे नेते, गाडी थांबताच स्वतः थांबते आणि काही नमुन्यांत ब्रेकचेही काम करते. पेट्रोल इंजिन यांपैकी एकही काम स्वतःहून करू शकत नसल्याने प्रत्येकासाठी स्वतंत्र योजना करावी लागते. रूपांतराचे यशापयश मुख्यतः यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

१९५०च्या दशकात अमेरिकेत गोल्फ कार्टचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. ई-झी-गो ही कंपनी १९५४ मध्ये जॉर्जिया राज्यात स्थापन झाली. क्लब कार व यामाहा हे या क्षेत्रातील अन्य प्रमुख उत्पादक होत. हे उत्पादक विद्युत आणि पेट्रोल अशा दोन्ही प्रकारच्या गाड्या बनवीत आले आहेत.

कालांतराने या गाड्यांचा वापर मैदानाबाहेरही पसरला. जॉर्जियातील पीचट्री सिटी या शहरात १६० किलोमीटरहून अधिक लांबीचे मार्ग असून त्यांवरून रहिवासी गोल्फ कार्टने ये-जा करतात. क्लबांनी वापरून विकलेल्या जुन्या विद्युत गाड्या शेतावर, जंगलात आणि तळांवर तुलनेने स्वस्तात उपलब्ध होतात. अशा गाडीचा सांगाडा सहसा शाबूत असतो, परंतु बॅटऱ्या निकामी झालेल्या असतात. नवा बॅटरीसंच घेण्याचा खर्च टाळावा, या विचारातून बहुतेक रूपांतरे घडतात.

ऊर्जा आणि वजन

पारंपरिक विद्युत कार्टमध्ये ३६ किंवा ४८ व्होल्टचा शिसे-आम्ल बॅटरीसंच असतो. ३६ व्होल्टच्या संचात ६ व्होल्टच्या सहा बॅटऱ्या एकसरीत जोडलेल्या असतात. प्रत्येक बॅटरीचे वजन सुमारे २८ किलो, म्हणजे संपूर्ण संचाचे सुमारे १७० किलो भरते. बॅटरीची क्षमता २२५ अँपिअर-तास धरल्यास संचात सुमारे ८ किलोवॉट-तास ऊर्जा साठते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून तिच्यापैकी साधारण निम्मीच वापरणे इष्ट मानले जाते.

एक लिटर पेट्रोलच्या ज्वलनातून सुमारे ९ किलोवॉट-तास उष्णता मिळते. लहान इंजिन तिचा साधारण पाचवा हिस्साच यांत्रिक कार्यात उतरवते. तरीही २० लिटरच्या टाकीतून सुमारे ३६ किलोवॉट-तास कार्य मिळू शकते. शिवाय टाकी काही मिनिटांत भरते, तर बॅटऱ्या भारित होण्यास कित्येक तास लागतात. दूरवरच्या शेतावर किंवा वीज नसलेल्या ठिकाणी हा फरक निर्णायक ठरतो.

रूपांतरानंतर गाडी साधारणपणे शंभर किलोहून अधिक हलकी होते. मूळ स्प्रिंगा बॅटऱ्यांच्या भारासाठी बनविलेल्या असल्याने त्या कडक वाटू लागतात. तसेच दोन्ही आसांच्या मध्ये, सीटखाली असलेला भार कमी होऊन इंजिनाचा भार मागील बाजूस जातो.

इंजिनाची निवड

रूपांतरासाठी पंप व जनित्रांवर वापरली जाणारी, आडव्या दांड्याची, हवेने थंड होणारी औद्योगिक इंजिने निवडली जातात. होंडा जीएक्स३९० हे याचे प्रातिनिधिक उदाहरण आहे. त्याचे घनफळ ३८९ सीसी, वजन सुमारे ३२ किलो आणि ३,६०० फेऱ्यांना निव्वळ शक्ती ११.७ अश्वशक्ती आहे. कारखान्यात बनणाऱ्या पेट्रोल कार्टमधील इंजिनेही साधारण ३०० ते ४०० सीसीची असतात. सुमारे २०० सीसीची स्वस्त इंजिनेही वापरली जातात. मात्र चढावर किंवा ओझ्यासह ती अपुरी पडतात.

शक्तीचे संप्रेषण

विद्युत मोटर शून्य वेगालाच मोठा परिबल देते, म्हणून तिला क्लच लागत नाही. ती थेट मागील आसाच्या दंतचक्रांना जोडलेली असते. पेट्रोल इंजिन मात्र ठरावीक किमान वेगाने फिरत असेल तरच चालू राहते. त्यामुळे इंजिन व आस यांच्यामध्ये आपोआप जुळणारी आणि सुटणारी जोडणी आवश्यक ठरते. यासाठी गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असते तशीच, पट्टा आणि दोन पुलींची बदलत्या गुणोत्तराची यंत्रणा वापरतात. इंजिनाचा वेग वाढला की चालक पुलीच्या तबकड्या जवळ येतात, पट्टा पकडला जातो आणि गाडी हलते.

इंजिन एकाच दिशेने फिरत असल्याने गाडी मागे नेण्याचा प्रश्न उरतो. विद्युत कार्टमध्ये मोटरमधील विद्युतप्रवाहाची दिशा बदलून हे साधले जाते. तिच्या आसात रिव्हर्स गिअर नसतो. यावर पुढील उपाय योजले जातात :

• पेट्रोल कार्टचा आस : पुढे-मागे जाण्याचे गिअर असलेला संपूर्ण मागील आस बसविणे. हा सर्वांत भरवशाचा, परंतु खर्चिक मार्ग आहे.

• स्वतंत्र गिअरपेटी : इंजिन आणि मूळ आस यांच्यामध्ये पुढे-मागे करणारी लहान गिअरपेटी घालणे.

• मूळ आस तसाच ठेवणे : यात रिव्हर्सची सोय राहत नाही आणि गाडी हाताने मागे ढकलावी लागते.

शेवटच्या दोन प्रकारांत आसाच्या दांड्यावर पट्ट्याचा बाजूने ताण पडू नये म्हणून बेअरिंगसह वेगळा आधार द्यावा लागतो. मूळ रचनेत हा दांडा केवळ मोटरशी समअक्ष जोडलेला असतो, बाजूचा ताण सोसण्यासाठी तो बनविलेला नसतो. इंजिनाचा दांडा गाडीच्या कोणत्या बाजूस येतो हेही महत्त्वाचे असते. चुकीच्या बाजूस आल्यास गाडी मागे धावू लागते.

वेगनियंत्रण

कारखान्यातील पेट्रोल कार्टच्या आसावर सामान्यतः गव्हर्नर असतो. तो चाकांच्या वेगावरून कार्बोरेटर नियंत्रित करतो. पेडल दाबताच इंजिन सुरू होणे व सोडताच बंद होणे, ही सोयही त्यांत असते. रूपांतरित गाडीत बहुधा यांपैकी काहीच नसते. तिचा वेग इंजिनावरील गव्हर्नरवर आणि पुलींच्या गुणोत्तरावर ठरतो, तर गाडी उभी असतानाही इंजिन मंद गतीने चालू राहते.

विद्युत कार्टच्या आसाचे गुणोत्तर साधारण १२:१ असते. १८ इंच व्यासाची चाके, पुलींचे गुणोत्तर १:१ आणि इंजिनाच्या ३,६०० फेऱ्या गृहीत धरल्यास वेग ताशी २५ ते २६ किमी येतो. अमेरिकी मानकानुसार गोल्फ कार्टची वेगमर्यादा ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किमी आहे. पुलींचे गुणोत्तर त्यापुढे गेल्यास ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अधिक वेगासाठी इंजिनाचा गव्हर्नर काढून टाकण्याचा प्रकारही आढळतो. तो विशेष धोकादायक आहे, कारण ठरलेल्या फेऱ्यांपलीकडे कनेक्टिंग रॉड तुटण्याची किंवा फ्लायव्हील फुटून तिचे तुकडे उडण्याची शक्यता असते. आणि इंजिन चालकाच्या सीटखालीच असते.

सुरक्षितता

• ब्रेक : बहुतेक कार्टमध्ये फक्त मागील चाकांना यांत्रिक ड्रम ब्रेक असतात. काही आधुनिक विद्युत नमुन्यांत पार्किंग ब्रेक मोटरवरच बसविलेला असतो. मोटर काढल्यास तो ब्रेकही जातो.

• आग : पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने सीटखालच्या बंदिस्त जागेत साचते. तेथे सोलेनॉइडची ठिणगी किंवा तापलेला सायलेन्सर असल्यास ती पेट घेऊ शकते. त्यामुळे टाकी वेगळ्या, हवेशीर जागी बसविणे आणि प्लॅस्टिकच्या बॉडीस उष्णतारोधक पत्रा लावणे आवश्यक असते.

• विषारी वायू : इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. विद्युत कार्ट बंद गॅरेजमध्ये चालविण्याची सवय असलेल्यांना हा धोका चटकन लक्षात येत नाही.

• बॅटऱ्या काढणे : संचाच्या दोन टोकांना पाना टेकल्यास प्रचंड प्रवाह वाहून गंभीर भाजू शकते. बॅटऱ्यांतील शिसे व गंधकाम्ल घातक असल्याने त्या पुनर्चक्रीकरणासाठीच द्याव्या लागतात.

कायदेशीर बाबी

अमेरिकेत लहान पेट्रोल इंजिनांच्या उत्सर्जनावर केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचे नियम लागू आहेत. ताशी २० ते २५ मैल वेगाची चारचाकी वाहने १९९८ पासून 'मंदगती वाहन' या स्वतंत्र वर्गात मोडतात. त्यांना दिवे, आरसे, सीटबेल्ट इत्यादी साधने बंधनकारक आहेत. वेग वाढलेली रूपांतरित कार्ट या वर्गाच्या वेगात पोहोचते, पण तिच्यात ही साधने सहसा नसतात.

पर्याय

मागील आस बदलावा लागल्यास एकूण खर्च वापरलेल्या मूळ पेट्रोल कार्टच्या किमतीजवळ जाऊ शकतो. त्यामुळे विद्युत कार्ट विकून पेट्रोल कार्ट घेणे अनेकदा अधिक सोयीचे ठरते. शिसे-आम्ल बॅटऱ्यांऐवजी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या बसविणे हा दुसरा पर्याय आहे. त्या वजनाने बऱ्याच हलक्या असतात, त्यांतील ऊर्जेचा मोठा हिस्सा वापरता येतो आणि त्यांत पाणी भरावे लागत नाही. या मार्गात मोटर कायम राहत असल्याने रिव्हर्स, क्लच आणि ब्रेक यांचे प्रश्नच उद्भवत नाहीत.

हेही पहा

• गोल्फ
• विद्युत वाहन
• अंतर्ज्वलन इंजिन
• शिसे-आम्ल बॅटरी